उरलेला दाणा गिरणीत

प्रिय सरपंचबाई,

रजियाबीची गिरणी आत्ता सुरू झाली. आज दळणाचा वार नाही, तरी गल्लीतून एकेक बाई डबा घेऊन गेली आणि शेवटी आपली सून मनीषाही गेली. मी ओट्यावर बसलोय. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून पाकीट दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. हाताला काहीतरी काम पाहिजे म्हणून तुला लिहून राहिलो. आत जे चाललंय ते माझ्यामुळं चाललंय, आणि मला एक शब्द ऐकू येत नाही.

तू होतीस तेव्हा या नावानं तुला कधी हाक मारली नाही. 'अगं' म्हटलं की तू येत होतीस, तेवढ्यावर चाळीस वर्षं निघाली. तू सरपंच होतीस त्या पाच वर्षांत गाव सरपंच म्हणायचं ते मला, आणि मीही वळून 'ओ' द्यायचो. हदगावच्या बसमध्ये कंडक्टर 'या सरपंच' म्हणून मला पुढची जागा करून द्यायचा. मागं बायांच्या गर्दीत उभी राहून तुला काय वाटत असेल? हे मी आज विचारतोय. तू जाऊन दोन वर्षं झाल्यावर.

काय झालं ते आधी नीट सांगतो, नाहीतर घाईत माझं सगळं उलटसुलट होतं.

गावची निवडणूक लागली आहे. सरपंचपद या खेपेला पुन्हा बाईला सुटलं. मनीषानं अर्ज भरला. तिनं मला विचारलं नाही, सांगितलं. 'मामा, फॉर्म भरून आले,' म्हणाली आणि कुकर लावायला गेली. आपल्या मनोहरला नांदेडला फोन केला तर तो म्हणाला, 'बाबा, तिचं ती बघंल.' हे कसलं उत्तर झालं? दुसरा अर्ज बापूरावांच्या सुनेचा आहे. ती पोरगी नांदेडलाच राहते. लग्नानंतर गावात मी तिला दोनदा पाहिली असेल. तिसरा अर्ज नाही.

परवा बापूराव चार माणसं घेऊन आपल्या ओट्यावर आले. चहा मनीषानंच केला. बापूराव म्हणाले, "दत्तराव, गाव बिनविरोध करू. कशाला भांडणतंटा? तुमच्या सुनेचं पुढं-मागं बघू की. तुमचा शब्द म्हंजी शब्द, आम्हाला ठाऊक हाय."

मी कसा आहे तुला माहीत आहे. चार माणसं समोर बसली की माझी मान आपोआप हलते. मी म्हणालो, "माघारीच्या दिवशी मीच घेऊन येतो तिला हदगावला, तहसीलला."

माणसं गेली. मनीषा दाराआड रिकामा ट्रे धरून उभी होती. मला वाटलं, आता भांडी आपटेल. तिनं भांडं आपटलं नाही. तिनं विचारलं, "मामा, आत्याबाईंचा शब्दबी असाच तुम्ही देत होता का?"

"हाव. मग कोण देणार?"

ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही, पण तिच्या हसण्यात राग नव्हता, ते जास्त टोचलं. म्हणाली, "एकदा रजियाबीला विचारून या. आत्याबाईंच्या सभेत काय व्हायचं ते. मग उद्या-परवा बोलू."

सरपंचबाई, त्या सभेत काय व्हायचं?

मला जे माहीत होतं ते एवढंच. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, असा नियम. तू म्हणालीस, हापिसात पुरुषमाणसं बसतात, बाया तोंड उघडत नाहीत, आपण रजियाबीच्या गिरणीच्या मागच्या खोलीत बसू. मला बरंच वाटलं. ग्रामसेवकाला मी ऐटीत सांगितलं, बसू द्या, दळणबी होईल आणि सभाबी. सभेची वेळ अकराची असायची आणि ती सुरू व्हायची दोनला, लाईट आल्यावर. बायांना वेळेचं भान नसतं, असं मी पारावर बसून किती वेळा म्हणालो असेन. गिरणी सुरू असल्याशिवाय तुमची सभाच सुरू होत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी बाहेर लिंबाखाली उभा राहायचो, कान देऊन. पट्ट्याची फटफट तेवढी ऐकू यायची. मग तू भुवयांपर्यंत पांढरी होऊन बाहेर यायचीस.

"काय ठरलं?"

"काय ठरायचंय. तुमचंच."

इतकी वर्षं मी हे उत्तर सरळ धरत आलो.

काल दुपारी रजियाबीकडं गेलो. तिचं वय झालंय, गिरणी आता नातसून बघते, पण ती स्टूल टाकून दारात बसते. म्हटलं, "रजियाबी, आमच्या घरातल्या मालकिणीच्या सभेत काय चालायचं?"

ती म्हणाली, "क्या दादा, भाभी गेल्या तरी तुमाला न्हाई मालूम?"

"न्हाई."

"लई भोळे हाय तुमी," म्हणाली, आणि नातसुनेला गिरणी बंद करायला सांगून मला मागच्या खोलीत नेलं. तिथं कोनाड्यात एक गाडगं आहे. तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला हात जाईल एवढी चीर. रजियाबीनं माझ्या तळहातावर दोन दाणे ठेवले. एक तुरीचा, एक ज्वारीचा.

"तूर म्हंजी हो. ज्वारी म्हंजी न्हाई. मुठीत दोन्ही घ्यायचे, हात आत घालायचा, एक सोडायचा. दुसरा मुठीतच. मूठ तशीच घेऊन बाहेर जायचं आणि उरलेला दाणा चालू गिरणीत टाकायचा. झालं पीठ. आता सासूला कळंल का, सुनेनं काय टाकलं? नवऱ्याला कळंल का?"

मी मूठ उघडून तूर आणि ज्वारी बघत राहिलो. मी सातवी शिकलो, तू अंगठा होतीस. पुढं सही शिकलीस, तीही मीच शिकवली. मतदान गुप्त का असतं, याचं उत्तर मला शाळेत पाठ होतं, नागरिकशास्त्राच्या पेपरात मी ते लिहिलंही होतं. आणि तू? तुला कुणी शिकवलं?

हे मी रजियाबीला विचारलं. ती म्हणाली, भाभीच्या माहेरचं हाय. तुझ्या लातूरकडच्या गावात खुरपणीची सावड असायची. दहा-बारा बाया आळीपाळीनं एकमेकींच्या रानात जायच्या. आधी कुणाच्या रानात जायचं, यावर वाद झाला की त्या दाणे टाकून ठरवायच्या, म्हणजे पाटलीणबाईच्या तोंडासमोर गरीब बाईला 'न्हाई' म्हणता यायचं. आणि मला आठवलं. आपलं लग्न ठरायच्या वेळी मी तुमच्या घरी आलो होतो. अंगणात तुझी आई पाच-सहा बायांत बसून गाडग्यात काही टाकत होती. मला वाटलं, बाया खेळून राहिल्या. त्यावर हसलोही असेन. तू तेव्हा दारातून मला बघितलं असशील का?

आता टाकीचं ऐक. म्हणजे तुला ठाऊकच आहे, मला काल कळलं.

नळाची टाकी मारुतीच्या पाराजवळ बसवायची, हे मी आणि बापूरावांनी ठरवलं होतं. आपल्या दोघांच्याही घरांना जवळ. बापूरावांना मी तसा शब्दही देऊन बसलो होतो. तू त्या सभेहून आलीस आणि म्हणालीस, "इंजिनेर म्हणतो, पाराला चढ हाय, पाणी चढणार न्हाई. शाळेमागं बसवावी लागंल." टाकी शाळेमागं झाली. त्या इंजिनिअरला मी किती शिव्या दिल्या. एकदा हदगावच्या स्टँडवर तो दिसला, तर मी त्याला चारचौघांत सुनावलं, की तुम्हाला चढ-उतार कळत नाही आणि सरकार तुम्हाला पगार देतं. तो बिचारा हातातला चहा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला. त्याला काय कळणार? त्यानं कधी चढाचं नावही काढलं नव्हतं.

रजियाबी म्हणाली, "गाडग्यात ज्वारीच ज्वारी निघाली दादा. तूर बोटावर मोजण्याइतकी."

"पण का? पार काय वाईट होता?"

"पारावर सकाळपासून तुमी बसता," ती म्हणाली. "बाईनं वाकून घागर कशी भरावी?"

सरपंचबाई, मी त्या पारावर तीस वर्षं बसलो. हे एकदाही माझ्या मनात आलं नाही. वर ती म्हणाली, शाळेमागची जागा बौद्धवाड्यातल्या बायांनाही जवळ पडली, त्यांना कुणाच्या दारावरून जावं लागलं नाही. टाकी झाल्यावर तिथं पाण्यावरून भांडण झालेलं मी ऐकलं नाही. ते श्रेयसुद्धा मी पारावर बसून घेतलंय, तुला आठवत असेल.

आणि रजिस्टर? ठरावाचं रजिस्टर तू सहीला घरी आणायला लावायचीस. 'पुरुषांपुढं हात कापतो,' म्हणायचीस. ग्रामसेवक कुरकुरायचा, मी त्याला समजावायचो की बाई लाजते. काल कळलं, तू ते पिशवीत घालून गिरणीवर न्यायचीस आणि आपली नवी सून ते सगळ्या बायांना वाचून दाखवायची. बारावी शिकलेली पोरगी, लग्नाची हळद उतरली नव्हती, आणि तू तिला या कामाला लावलंस. दोनदा तू रजिस्टर सही न करता परत पाठवलं होतंस. मला सांगितलंस, पेन चालंना.

घरी येऊन मनीषाला म्हटलं, "तूपण?"

ती म्हणाली, "मामा, तुम्ही कधी विचारलंच न्हाई."

मला का नाही सांगितलंस? एवढा मी परका होतो का? हा प्रश्न काल संध्याकाळी मी तुझ्या फोटोला विचारला. मग आपणच उत्तर दिलं. मला सांगितलं असतं, तर चहा संपायच्या आत ते बापूरावांना कळलं असतं. माझ्या पोटात काही राहत नाही. राहिलं तर मला झोप लागत नाही. तू मला ओळखून होतीस. एवढं ओळखणारं माणूस घरात असून मी तुला ओळखलं नाही.

झेंड्याचंही काल आठवलं. पहिल्या वर्षी दोरी तुझ्या हातात होती आणि गाठ सुटेल का या काळजीनं मी ती वरून धरली. फोटोत माझेच हात आहेत. शेवटच्या वर्षी मी पुढं झालो तर तू हळूच म्हणालीस, "मी ओढते. तुम्ही वर बघा." मी वर बघितलं. फुलं तुझ्या डोक्यावर पडली. त्या वेळी मला थोडा अपमान वाटला होता. आता सांगायला हरकत नाही.

गिरणी अजून चालू आहे. इतका वेळ? मनीषा सकाळी म्हणाली, "मामा, तुमचा शब्द आज बायांपुढं ठेवते. माघार घ्यावी का, ते त्या ठरवतील. तूर निघाली तर उद्या तुमच्यासंगं तहसीलला येते, तोंड वाकडं करणार न्हाई."

मी विचारलं, "मी टाकू का एक दाणा?"

ती म्हणाली, "महिला सभा हाय, मामा."

गिरणी थांबली. पुढचं नंतर लिहितो.

*

दिवेलागण झाली. आता सगळं सांगतो.

मनीषा आली. केसांवर पीठ, पापण्यांवर पीठ. मी उठून उभा राहिलो. तोंडातून आपोआप निघालं, "काय ठरलं?"

मला वाटलं, तीही म्हणेल, काय ठरायचंय, तुमचंच. ती म्हणाली, "मामा, मी उद्या हदगावला जाणार न्हाई. बापूरावकाकांना मी सांगू, का तुम्ही?"

शब्द मी दिला होता. म्हणालो, "मी सांगतो."

वाटेत मनाशी जुळवत गेलो. काय सांगावं? तुझी रीत आठवली. सूनबाईला ताप आलाय, असं म्हणता आलं असतं. वकील म्हणतो, आता माघार घेता येत नाही, असंही चाललं असतं. तुझ्या इंजिनिअरासारखा एखादा माणूस मला हवा होता. टाकीजवळ जरा थांबलो. दोन पोरी घागरी भरत होत्या आणि कशावरून तरी मोठ्यानं हसत होत्या. पारावर कुणी बाई अशी हसलेली मी ऐकली आहे का? आठवून पाहिलं. नाही.

बापूराव पडवीत बसले होते. मी उभ्यानंच बोललो, बसलो असतो तर मान हलली असती.

"बापूराव, तो शब्द मी द्यायला नको होता. अर्ज तिचा हाय. ती माघार घेत न्हाई."

ते पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "सरपंच, तुमच्या घरात बायांचंच चालतं म्हणा की."

"घरातलं ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "सभेत चालतं."

"कुठल्या सभेत?"

एवढी मोठी गोष्ट पोटात, आणि समोर बापूराव. एक दिवससुद्धा मला ती राखता येणार नाही का? तेवढ्यात कांतावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. बापूरावांची बायको म्हणून मी त्यांच्याकडं कधी नीट पाहिलंही नाही. कपबशी पुढं करताना त्यांच्या बांगड्यांच्या मधे पांढरं पीठ दिसलं. कोपरापर्यंत होतं.

त्यांनी माझी नजर पाहिली. हात मागं घेतला नाही. म्हणाल्या, "दळणाला गेले होते भावजी. आज लई गर्दी होती."

त्यांची स्वतःची सून उभी आहे, बाई. आणि त्या तिथं गेल्या होत्या. त्यांच्या मुठीतून गाडग्यात काय पडलं असेल? मनीषानं माघार घ्यावी म्हणून तूर पडली असेल, असंही असू शकतं. सून त्यांचीच आहे. पण मग त्या चहा देताना तशा का बघत होत्या?

"कुठल्या सभेत म्हणालात?" बापूराव पुन्हा म्हणाले.

"ग्रामसभेत," मी म्हणालो. "सगळ्या गावाच्या. मतदान होऊ द्या, तेव्हा कळंल."

चहा पिऊन आलो. बापूराव नाराज आहेत. उद्यापासून पारावर माझ्याशी कोण बोलेल, मला माहीत नाही. मनीषा निवडून येईल का, तेही माहीत नाही. कांतावहिनींचा मान गावात मोठा आहे आणि बापूरावांची माणसंही पुष्कळ. रात्रीची गोळी मनीषानं आठवणीनं आणून दिली आणि ताट वाढलं. आज दळलेल्या पिठाची भाकरी होती. मी घास मोडला आणि थांबलो.

कारण मला एक विचारायचंच राहिलं होतं. टाकीच्या दिवशी माझा ठराव तूच मांडला होतास, रजियाबी म्हणाली. नीट मांडलास, एकही शब्द कमी न करता. मग तू आपला हात गाडग्यात घातलास. तू काय टाकलंस? नवऱ्याच्या बाजूनं तूर, की ज्वारी? काल मी रजियाबीला तेही विचारलं होतं. ती म्हणाली, "दादा, उरलेल्याचं तर पीठ झालं."

ते पीठ डब्यातून आपल्याच घरी आलं असणार. त्याची भाकरी तू थापली असशील आणि मीच खाल्ली असेन, इंजिनिअरला शिव्या देत. तू समोर बसून मला वाढत होतीस. तुला हसू आवरलं कसं?

वचन देतो, ऐक. गिरणी सुरू असताना मी लिंबाखाली उभा राहणार नाही. पारावर कुणी विचारलं, आज बाया तिथं काय करून राहिल्या, तर दळण म्हणून सांगेन, आणि पोटात ठेवेन. मनीषा निवडून आली किंवा पडली, तिच्या खुर्चीकडं जाणार नाही आणि झेंड्याच्या दोरीला हात लावणार नाही. मी वर बघेन.

आणि तुझ्या दाण्याबद्दल पुन्हा विचारणार नाही. आता विचारलं तेवढं शेवटचं समज.

तुझा,
सरपंचबाईंचा नवरा,
दत्तराव